शिट्टी वाजली की अंधार

परळीत कुणाच्याही कार्यक्रमाला उजेड पाडायचा तो सोमेश्वरनंच. लग्न असो, कीर्तन असो, नाहीतर पुढाऱ्याचा वाढदिवस, त्याच्या टेम्पोत दोन लोखंडी पेट्या, वायरींची भेंडोळी आणि आठ दांड्यांचा एक जुना डिमर कायम पडलेला असायचा. दांडी वर केली की उजेड, खाली केली की अंधार. एवढ्या विद्येवर त्यानं पंचवीस वर्षं काढली आणि दोन्ही लेकरं पुण्याला शिकायला घातली. स्टेजवर काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसे. त्याचं लक्ष फक्त खुणेवर. नाटक कसं झालं असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "दोन बल्ब गेले, बाकी चांगलं झालं."

ज्योत्स्ना सिस्टरच्या नाटकाबद्दल मात्र त्याला असं उडवून लावता येईना.

ज्योत्स्ना ही तालुक्यातल्या एका उपकेंद्रावरची आरोग्यसेविका. वीस-बावीस वर्षं ती बायकांची दुखणी ऐकत आली होती, म्हणजे कंबर दुखते, डोकं दुखतं असं आधी सांगून झाल्यावर दार ओढून घेऊन जी सांगायच्या ती. तिचे वडील माणिकराव एके काळी जलशात गायचे. समोर बसलेल्यांच्या तोंडावर बोलायची खोड तिला त्यांच्याकडूनच लागली असावी. पन्नाशी जवळ आल्यावर तिनं एकपात्री नाटक लिहिलं, 'मंदाची दुपार', आणि स्वतःच उभी राहिली.

गोष्ट साधी होती. मंदाचा नवरा मित्रांबरोबर चार दिवस नारायणगडाच्या जत्रेला जातो. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर मंदा पहिल्यांदा घरात एकटी. पहिल्या दिवशी ती नऊ वाजेपर्यंत झोपते. दुसऱ्या दिवशी स्वतःला हवं तसं झणझणीत कालवण करून पहिलं ताट स्वतःला वाढून घेते. तिसऱ्या दिवशी भर दुपारी न्हाऊन, दाराला कडी घालून, केस मोकळे सोडून आरशासमोर बसते आणि हे शरीर आपलं आहे हे तिला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळतं. स्टेजवर उघडंवाघडं काही नव्हतं. मान, खांदा आणि तिचा हात. पण तो हात ज्या सावकाशीनं फिरायचा त्यानं तालमीत सोमेश्वरच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. शेवटी ती गळ्यावर हात ठेवून म्हणायची, "ह्या घरात माझं ताट नेहमी शेवटी. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं. ह्याचंबी तसंच झालं की. फरक एवढाच, ह्यात कधी उरलंबी न्हाई." मग अंधार.

हा अंधार कधी करायचा याची खूण सिस्टरनं आधीच ठरवून दिली होती. "सोमेश्वरभाऊ, गाव मला ठाऊक आहे. हात गळ्याशी गेला की पुरुष शिट्ट्या वाजवणारच. पहिली शिट्टी वाजली की तुम्ही अंधार करा. वाक्य राहिलं तरी चालेल. शिट्ट्या ऐकत मी उजेडात बसणार नाही." तालमीतही कुणीतरी 'शिट्टी!' म्हणून ओरडायचं आणि सोमेश्वर दांडी ओढायचा. एकदा जेवताना त्यानं ही गंमत बायकोला सांगितलीसुद्धा. शिवकन्या भाकरी मोडत म्हणाली, "म्हंजे शिट्टी वाजली की अंधार," आणि विषय तिथंच संपला.

पहिला खेळ शनिवारी संध्याकाळी औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीतल्या करमणूक हॉलमध्ये झाला. सर्वांना प्रवेश होता, म्हणजे पुरुष आले. मंदा झोपली तेव्हा त्यांनी आपसांत ऊसतोडीच्या गप्पा मारल्या. तिनं नवऱ्याची नक्कल केली, म्हणजे दिवा मालवणं, पाच मिनिटांची घाई, पाठ फिरवणं आणि लगेच घोरणं, तेव्हा हॉलमध्ये खोकल्याची साथ आली. आणि हात गळ्याशी गेला तशी मागून शिट्टी झाली, तिच्यामागून आणखी आठ-दहा. सोमेश्वरनं दांडी खाली ओढली. शेवटचं वाक्य पुरुषांपर्यंत पोहोचलंच नाही.

बाहेर आल्यावर सांस्कृतिक समितीचे अध्यक्ष बबनराव म्हणाले, "अभिनय उत्तम. पण आसल्या गोष्टी घरात बोलायच्या आसत्यात, चव्हाट्यावर न्हाई."

"घरात बोलता का तुम्ही, काका?" सिस्टरनं विचारलं.

बबनरावांनी चष्मा पुसायला काढला आणि तो बराच वेळ पुसला. पहिल्या रांगेत बसलेले अर्जुनराव तर म्हणाले, हे नाटक बंदच पाडलं पाहिजे. आणि जाता जाता सोमेश्वरला बाजूला घेऊन पुढचा खेळ कधी आहे ते विचारून गेले.

पुढचा खेळ बायकांनीच मागून घेतला. बुधवारी दुपारी एक वाजता, धुणीभांडी उरकल्यावर, फक्त महिलांसाठी. फळ्यावर तसं खडूनं लिहिलं गेलं त्याच दिवशी शिवकन्या चहा गाळता गाळता म्हणाली, "बुधवारी मी जाणार हाय नाटकाला. शेजारच्या छबुबाईसंगं."

"कावून?"

"कावून म्हंजे? समद्या जायल्यात."

"तुला न्हाई आवडायचं ते. एकटीच बाई दीड घंटा बोलत बसती."

"मीबी घरात एकटीच बोलत बसते. बगू तर खरं तिचं काय हाय."

तेवीस वर्षांच्या संसारात नाटकातल्या या विषयावरून त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं, कारण विषयच कधी निघाला नव्हता. शिवकन्या काही बोलत नाही म्हणजे सगळं बरं चाललंय, असं त्यानं धरलं होतं. आणि तालमीत सिस्टरनं पहिल्यांदा ती घोरण्याची नक्कल केली तेव्हा, आपल्या घरातलं हिला कुणी सांगितलं, असं वाटून त्यानं मागं वळून पाहिलं होतं. घोरण्याचं एक वेळ चाललं असतं. त्याला धास्ती होती ती शेवटच्या वाक्याची. शिवकन्येनं ते ऐकलं की ती घरी येऊन आपल्याकडे एकदा नीट बघेल, आणि त्या बघण्याला आपल्यापाशी उत्तर नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो खरोखर घाबरला होता.

पण दांडी त्याच्याच हातात होती. हात गळ्याशी गेला की वाक्याच्या आधीच अंधार करायचा आणि डिमर तापला असं सिस्टरला सांगायचं. शनिवारी तरी कुठं पुरं झालं होतं? हे सुचल्यावर त्याला जरा झोप लागली.

बुधवारी साडेबारालाच हॉल भरला. राखेनं धुरकटलेल्या खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले. समोरच्या कॅन्टीनवर मात्र एरवी दुपारी घोरत पडणारे कितीतरी पुरुष चहा पीत उभे होते, आणि त्यांत बबनरावही होते. आत सोमेश्वर डिमरमागं स्टुलावर बसला होता. छबुबाईनं त्याला पाहिलं आणि ती दारातच थांबली.

"ह्यो बाप्या हितं कावून? फकस्त बायकांसाठी लिव्हलंय न्हवं?"

पहिल्या रांगेत बायनाबाई बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढं, तोंडात मिश्री. त्यांनी मान वळवून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लाइटवाला हाय तो. त्याला बाप्यात धरू नका."

हॉल खदखदून हसला. सोमेश्वरही हसला, कारण दुसरं काय करणार. शिवकन्या हसत हसत तिसऱ्या रांगेत खांबाजवळच्या खुर्चीत बसली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही.

सिस्टरनं सुरू होण्याआधी त्याला एवढंच सांगितलं, "शनिवारसारखंच." त्यानंही मान हलवली. दोघांच्याही डोक्यात आलं नाही की शनिवारची खूण पुरुषांनी द्यायची होती आणि आज हॉलमध्ये पुरुष नव्हते. होता त्याला बाप्यात धरायचं नाही असं आत्ताच ठरलं होतं.

नाटक तेच होतं, पण सोमेश्वरला वाटलं आपण हे पहिल्यांदाच बघतोय. मंदा झोपली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "झोप गं बाई, झोप." तिनं स्वतःला पहिलं ताट वाढून घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या. घोरण्याच्या नकलेला तर हसण्याचा असा लोट उठला की सिस्टरला पाठ फिरवून थांबावं लागलं, कारण ती स्वतःच हसायला लागली होती. छबुबाई पदरानं डोळे पुसत शिवकन्येच्या पाठीवर थापा मारत होती. "मव्हंच घर दाखवायली ही! मव्हंच!"

शिवकन्या हसत नव्हती. ती सरळ समोर बघत होती. सोमेश्वरला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिसरी दुपार आली. त्यानं सात दांड्या उतरवल्या आणि आठवी, पिवळ्या दिव्याची, आरशावर ठेवली. उजवा हात तिच्यावरच राहिला. मंदानं केस सोडले. बायका एकेक करत गप्प झाल्या, ओटीतल्या शेंगा सोलायच्या थांबल्या. हात खांद्यावरून सावकाश वर आला आणि गळ्याशी थांबला. हीच वेळ होती.

दांडी ओढण्याआधी त्यानं एकदाच तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. पिवळा उजेड तिथपर्यंत सांडत होता. शिवकन्येच्या डोक्यावरचा पदर घसरला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. तिचा स्वतःचा हात वर येऊन गळ्याच्या खळगीवर टेकला होता. हा हात त्यानं तेवीस वर्षं पाहिला होता, परातीत, धुण्यात, लेकरांच्या कपाळावर. तिथं ठेवलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. तो बघत राहिला आणि त्याची दांडी जिथं होती तिथंच राहिली.

"...ह्याचंबी तसंच झालं की," मंदा म्हणाली. "फरक एवढाच, ह्यात कधी उरलंबी न्हाई."

वाक्य संपलं. अंधार झाला नाही.

लांब रुळावरून कोळशाची मालगाडी गेली, तिचे डबे मोजता यावेत इतकी शांतता होती. सिस्टरनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून डिमरकडे पाहिलं. सोमेश्वरला कळत होतं की काहीतरी चुकलंय, पण पंचवीस वर्षांची सवय अशी की खूण मिळाल्याशिवाय हात हलत नसे, आणि शिट्टी काही वाजत नव्हती. वाजवणार कोण? सिस्टरपाशी आता लिहिलेलं एक अक्षरही शिल्लक नव्हतं. ती उजेडात अडकली होती. मग तिनं डोळे मिटले आणि जे लिहिलं नव्हतं ते केलं. हात गळ्यावरून खांद्यावर, खांद्यावरून दंडावर, कुणाची वाट न बघता. श्वास जड झाला, थांबला, सुटला. आणि सगळं घर धुंडाळून झाल्यावर किल्ली आपल्याच कनवटीला सापडावी तशी ती हसली.

"सापडलं का गं बाई!" बायनाबाई मोठ्यानं म्हणाल्या.

हॉलमध्ये हसण्यासारखं, रडण्यासारखं काहीतरी सरकत गेलं. सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते लपवायला तिला अंधार हवा होता. सोमेश्वरचा हात दांडीवर गोठला होता.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून शिट्टी आली. थिएटरमधली फुसकी शिट्टी नव्हे. दोन बोटं जिभेखाली दाबून मारलेली, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी, पांगलेला कळप एका जागी वळवणारी. सोमेश्वरनं पाहिलं. बोटं शिवकन्येच्या तोंडात होती.

दांडी आपसूक खाली आली आणि हॉल काळाकुट्ट झाला.

आता दिवे पुन्हा लावायचे होते, पण कधी, याची खूण ठरलेली नव्हती. आणि त्या अंधारात बायका बोलायला लागल्या. तोंडं दिसत नव्हती म्हणून असेल.

"खरं बोलली पोरगी."

"आमच्यात ताट कुठलं आलंय, नुसती भांडी घासायची."

"मला तर वाटायचं मव्हंच काहीतरी बिघडलंय. दवाखान्यात गेलते मी."

"मला म्हातारपणी कळलं," हा बायनाबाईंचा आवाज. "आमचे हे गेल्यावर. कुणाला सांगावं, लोकं काय म्हन्तील?"

यावर कुणी हसलं नाही. मग एकदम सगळ्या हसल्या, आणि त्यांत बायनाबाई सगळ्यांत मोठ्यानं. सोमेश्वर कान देऊन एक आवाज शोधत होता. तो आला नाही. शेवटी त्यानं एकेक दांडी हळूहळू वर केली, बायकांना पदर सावरायला वेळ मिळेल इतकी हळू.

दाराबाहेर बबनराव पुढं झाले. "काय झालं आत? शिट्टी कुणाची व्हती?"

"काय न्हाई," छबुबाई म्हणाली. "हळदीकुंकू व्हतं." आणि बायका तोंडाला पदर लावून कॅन्टीनवरच्या पुरुषांकडे एकेकदा बघत निघून गेल्या. ते बघणं पुरुषांना फारसं आवडलं नाही.

सोमेश्वर हाताच्या कोपराला वेढे देत वायर गुंडाळत होता. शिवकन्या छबुबाईला पुढं पाठवून परत आत आली. इतक्या वर्षांत ती त्याच्या पेट्या-वायरींजवळ कधी आली नव्हती. तिनं वायरीचं दुसरं टोक उचललं.

"शिट्टी तू वाजवलीस," तो म्हणाला.

"व्हय."

"तुला येती?"

"तलवाड्याला बापाची मेंढरं व्हती. शिट्टीबिगर वळत्यात का ती?"

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"सांगायचं काय त्यात. तुमच्यासमोर वाजवलती की. लगीन होऊन चार दिस झालते. दारात कुणाची तरी शेळी घुसली, मी शिट्टी मारली. तुमीच ओसरीवर आलाव अन् म्हन्लाव, घरंदाज बाया शिट्ट्या वाजवत न्हाईत, पुन्यांदा नको."

सोमेश्वर वायर हातात धरून आठवू लागला. शेळी आठवेना, दिवस आठवेना, आपण बोललेलं तर मुळीच आठवेना.

"मी म्हन्लो?"

"तुमीच." तिच्या आवाजात राग नव्हता. गॅसचा नंबर कधी लावला ते सांगावं तसं तिनं सांगितलं.

एक वाक्य बोलून तो विसरून गेला होता आणि ती त्या वाक्याला धरून तेवीस वर्षं राहिली होती. सोमेश्वरला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला जवळ दांडी नव्हती.

"मग आज कावून वाजवलीस?"

"ती बाई आडकून पडलती उजेडात. तुमचा हात काय उठंना. शिट्टी वाजली की अंधार, आसं तुमीच जेवताना सांगितलतं." ती जरा थांबली. "अन् वाजवावीबी वाटली."

त्यानं वायर खाली ठेवली. कुठल्या बल्बला किती व्होल्ट लागतात ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पुढचं मात्र त्याला एकेक शब्द जुळवत बोलावं लागलं.

"ते ताटाचं," तो म्हणाला. "ती बोलली ते. आपल्यातबी..."

शिवकन्या त्याच्याकडे बघत राहिली. ज्या बघण्याला तो घाबरत होता ते हेच. त्यानं मान खाली घातली नाही.

"मी कधी इचारलं न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई इचारलं."

"आता इचारतो. तुला... काय आवडतं?"

तिला आधी हसू आलं. मग ते हसू मध्येच राहिलं. ती बाजूच्या लोखंडी पेटीवर हळूच टेकली.

"थांबा," ती म्हणाली. "मला ठावं न्हाई. इचार करू द्या."

सोमेश्वर थांबला. दारात बबनराव कुलूप घेऊन उभे होते. रिकामा हॉल आणि त्यातली दोन माणसं बघून ते वैतागले. "सोमेश्वर, झालं का न्हाई? तेवढा दिवा बंद कर, मला कुलूप लावायचंय."

"राहू द्या दिवा, काका," सोमेश्वर म्हणाला. "न्हाई झालं अजून."

शिवकन्या पेटीवर बसून विचार करत होती. तिनं वरही पाहिलं नाही.